चौदावा परिच्छेद

३ ऑक्टोबर

ताई,

नमस्कार. तू म्हणशील, वर्षभर दोन ओळी न खरडणारा हा ठोंब्या आज चक्क तीन पानं घेऊन बसला, म्हणजे नक्की काहीतरी उपद्व्याप केलाय. केलाय, पण पोटापाण्यासाठी. फोनवर सांगितलं असतं, पण धरणावरचा फोन मालकांच्या कचेरीतून जोडून मिळतो आणि तिथली ऑपरेटर बाई आपण बोलता बोलता थांबलो की "मग पुढे?" असं विचारते.

तर झालं असं. तुमच्या खात्याने तो नवा संपत्ती कर काढल्यापासून मालकांची झोप उडाली आहे. गिरणी, बंगला, हा तलाव, काठची जमीन, सगळ्याची किंमत लावून दरवर्षी शेकडा तीन द्यायचे. मागच्या सोमवारी त्यांचे करसल्लागार माझ्या खोलीवर आले. दोन कप चहा प्यायले आणि म्हणाले, "धरण जुनं झालंय, आतून पोखरलंय, कधीही दगा देईल, असा एक अहवाल हवा. धरण धोक्याचं ठरलं की तलाव मातीमोल. तुम्ही बारा वर्षं इथली देखरेख करताय, तुमच्या सहीला वजन आहे." माझ्या सहीला वजन आहे हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

आठ पानं लिहिली. भराव खचतोय, पायथ्याशी पाझर वाढतोय, माती वाहून जातेय. मीच वाचून घाबरलो, इतकं छान जमलं. खरं सांगू, या धरणावर हत्तींची वरात नाचवली तरी ढिम्म हलणार नाही. आईला वाचून दाखवलं तर म्हणाली, "माझ्या लग्नाआधीपासून आहे ते. तुझ्यापेक्षा त्याची तब्येत बरी." ती अजून खालच्या वस्तीतच, त्याच दोन खोल्यांत. वर माझ्याकडे ये म्हटलं की धरणाचा जिना दाखवते आणि मग स्वतःचे गुडघे दाखवते.

तू रागावणार हे माहीत आहे, तरी तुला कळवलं.

तुझा ठोंब्या


९ ऑक्टोबर

ठोंब्या,

रागावले आहेच. पण आधी तुला हसायला काहीतरी देते. या महिन्यात आमच्याकडे जे अर्ज आलेत ते वाचून वाटतं, शहरातले सगळे श्रीमंत एका रात्रीत कफल्लक झाले. एका गृहस्थांनी बंगल्याचं छप्परच उतरवलं, कारण कायद्यात छप्पर नसलेली इमारत 'पडीक' धरली जाते. आता ते छत्री घेऊन जेवतात की काय कोण जाणे. दुसऱ्या एकांनी फळबाग तोडून टाकली. कर द्यायचा नाही म्हणून माणसं आपल्याच घरावर कुऱ्हाड चालवतात, हे मी या नोकरीत शिकले.

आता तुझ्याबद्दल. तुला हा सगळा खेळ वाटतो. वस्तीत साठ घरांना दोन नळ आहेत आणि वर एका माणसाच्या मालकीचा तलाव आहे, हे तू रोज उंचावरून बघतोस. त्याने शंभरातले तीन दिले तर त्याचं काय अडतं? त्या तिनात वस्तीत दवाखाना होतो. गुडघे दुखणाऱ्या बाईला दोन बस बदलून जावं लागत नाही. मला यात काही अवघड दिसत नाही, आणि ज्यांना दिसतं त्यांचा मला राग येतो.

एक गोष्ट तुला सांगू नये, पण सांगते. तुमच्या मालकांची फाइल माझ्याच टेबलावर आली आहे. नियमाप्रमाणे नात्यातला माणूस त्यात असेल तर फाइल परत करायची असते. मी केली नाही. लग्नानंतर आडनाव बदललं, कोणाला काय कळणार? दुसऱ्याच्या हाती गेली तर तुझी ती आठ पानं डोळे मिटून मान्य होतील.

मला फक्त एका शब्दात सांग. धरण पक्कं आहे ना? पाझराच्या बारा वर्षांच्या नोंदवह्याही मी अधिकृतपणे मागवल्या आहेत.

तुझी ताई


१५ ऑक्टोबर

ताई,

एका शब्दात: पक्कं.

नोंदवह्या घेऊन तुमचा शिपाई कालच गेला. बारा वर्षांत एक दिवस चुकलेला नाही. पायथ्याला चर आहे, चरात खाच पाडलेली लोखंडी पाटी आहे, त्या खाचेतून पाझराचं पाणी किती उंचीने जातं ते रोज पट्टीने मोजायचं आणि पाणी स्वच्छ की गढूळ ते लिहायचं. "तीन बोटं, स्वच्छ." चार हजारांवर वेळा हेच लिहिलंय मी. वाचताना झोप आली तर माझा दोष नाही.

पण मालकांना इतकं पाण्यात बघू नकोस. बाबा गेले तेव्हा माझ्या पदविकेची फी कोणी भरली ते तू विसरलीस, मी नाही. तू म्हणतेस शंभरातले तीन. त्यांचं म्हणणं असं की पैसा तिजोरीत नाही, तलावात आहे, आणि तलावातून दरवर्षी तीन बादल्या काढून सरकारला नेऊन देता येत नाहीत. विकावं तर घेणार कोण? मला दोन्ही बाजू ऐकल्या की दोन्ही पटतात, म्हणूनच बहुतेक मी धरणावर आहे आणि तू खुर्चीत.

तुझ्या कानावर घालून ठेवतो. सल्लागारांच्या डोक्यात आता नवं खूळ आहे. तुमची माणसं पाहणीला यायच्या आधी धरणाच्या पोटातून पाणी सोडायची जी मोरी आहे तिची झडप उघडून तलाव अर्धा रिकामा करायचा, म्हणजे काठाला नुसता चिखल दिसेल. मी म्हटलं, मासे काय म्हणतील? त्यांना विनोद कळत नाही.

ठोंब्या


४ नोव्हेंबर

ठोंब्या,

निकाल दिला. बावीस परिच्छेदांचा. तुझा अहवाल मी फेटाळला, तोही तुझ्याच नोंदवह्यांच्या आधारे. चौदावा परिच्छेद वाचून दाखवते: "ज्या देखरेख अधिकाऱ्याने बारा वर्षे अखंड 'तीन बोटे, स्वच्छ' अशी नोंद केली, त्याचाच अचानक आलेला अहवाल विश्वासार्ह मानता येत नाही. सदर धरण सुस्थितीत असून तलावाचे मूल्य पूर्ण धरावे." वरिष्ठांनी या परिच्छेदाखाली लाल पेन्सिलीने रेघ मारली आणि म्हणाले, हा सगळ्या खात्याला नमुना म्हणून पाठवू. वर्तमानपत्रातही आलं. खालच्या वस्तीच्या दवाखान्याला मंजुरी मिळाली, जानेवारीत पाया खणतील. आईला सांग, आणि कोणामुळे तेही सांग.

झडप उघडायचा बेत तू कळवलास ते बरं झालं. मालक अपिलात जाणारच, म्हणून मी हुकूमच काढला: अपिलाचा निकाल लागेपर्यंत मालमत्ता आहे त्या स्थितीत ठेवायची. परवा आमची माणसं येऊन झडपेच्या चाकाला साखळी आणि सील लावतील. सीलवर माझी सही आहे, घाबरू नकोस. ते तोडणं फौजदारी गुन्हा आहे, हे मात्र सल्लागारांना मोठ्याने वाचून दाखव.

तुझ्यावर मालक चिडले असतील. त्याबद्दल मनापासून वाईट वाटतं. पण निकालाबद्दल वाटत नाही.

ताई


२० नोव्हेंबर

ताई,

मालक चिडले नाहीत. ते चिडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी मला बंगल्यावर बोलावलं, बसायला खुर्ची दिली आणि तुझा चौदावा परिच्छेद स्वतः वाचून दाखवला. "सरकारनेच सांगितलंय, धरण पक्कं आहे," म्हणाले. "मग यंदाच्या दुरुस्तीचे पैसे कशाला काढायचे? तसेही ते आता करात जाणार." दगडी अस्तराचं काम रद्द, पाझर जाऊ देऊन माती अडवणाऱ्या पायथ्याच्या गाळणीचं काम रद्द, माझ्या हाताखालचे दोघे कमी. गेली सहा वर्षं ती कामं कागदावरच पुढे ढकलली जात होती, हेही तितकंच खरं.

दुसरी गोष्ट. सील लावायला आलेल्या तुमच्या माणसाने सहज विचारलं, पाझर मोजतात तो चर कुठे? मी त्याला घेऊन खाली गेलो. ताई, चर शोधायला आम्हाला झुडपं तोडावी लागली.

तुला कळलं असेल मी काय सांगतोय. पहिली दोन वर्षं मी रोज खाली उतरायचो. मग आठवड्यातून एकदा. मग सोमवारी वरच खोलीत बसून सगळा आठवडा एकदम भरायला लागलो, कारण उत्तर तेच असायचं. माझ्या आधीचाही तसंच करायचा, त्यानेच शिकवलं. तीन बोटं, स्वच्छ. बदलत्या पेनांनी लिहायचो, म्हणजे खरं वाटावं.

त्या दिवशी खाचेतून पाच बोटं पाणी जात होतं. स्वच्छ होतं, पण पाच बोटं. कदाचित झुडपांमुळे असेल. तरी मी आता रोज खाली जातोय आणि खरंखुरं मोजतोय. काल साडेपाच. तुला सांगून ठेवावंसं वाटलं.

ठोंब्या


२८ नोव्हेंबर

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा भीती वाटली, दुसऱ्यांदा राग आला.

अपिलाची तारीख पंधरा डिसेंबर आहे. त्याच्या जेमतेम महिनाभर आधी तुला पाझर दिसतो. त्याआधी मालक तुला खुर्ची देऊन बसवतात. आणि ज्या नोंदवह्यांवर माझा निकाल उभा आहे त्या खोट्या होत्या असं तू मला लेखी कळवतोस. हे पत्र मी अपिलात हजर केलं तर निकाल कोसळेल, हे सल्लागारांनी तुला सांगितलं की तुझं तुला सुचलं?

तू लबाड नाहीस. पण तुला कोणी प्रेमाने विचारलं की तू नाही म्हणत नाहीस, लहानपणापासून. ऑक्टोबरात तू आठ पानं खोटी लिहिलीस आणि मला हसत हसत सांगितलंस. मग आता नववं पान खरं कशावरून?

किती देतो म्हणाले, तेवढं तरी कळव.

ताई


१२ डिसेंबर

ताई,

पैशांबद्दल विचारलंस त्याला उत्तर देत नाही. खूप लागलं, एवढंच.

आकडे लिहितो. एक तारखेला सहा बोटं. पाचला सात. आठ तारखेला पाणी गढूळ यायला लागलं. स्वच्छ पाणी नुसतं वाढलं तर एक वेळ चालतं, मातीचं धरण थोडं पाझरणारच. गढूळ म्हणजे पाणी आतली माती घेऊन बाहेर येतंय. दहा तारखेला चराच्या वर, भरावातच, मनगटाएवढा झरा फुटला. त्याच्या तोंडाशी बारीक वाळूचं कडं जमलंय. आठ पानांत मी हेच लिहिलं होतं, जवळजवळ याच शब्दांत. पाठ्यपुस्तकातून उतरवलं होतं.

मालकांना खाली घेऊन गेलो. त्यांनी बूट खराब होतील म्हणून लांबूनच बघितलं आणि म्हणाले, "आता पुरे तो अहवाल. त्याच्यापायीच एकदा हरलो आपण. नव्याने कशाला नाटक?" त्यांना खरंच वाटलं की मी अजून त्यांच्यासाठीच करतोय. तुमच्या खात्याला एक तारखेलाच रजिस्टर्ड पत्र टाकलं होतं, उत्तर आलं की प्रकरण अपिलात असल्याने स्थितीत बदल करता येणार नाही. वस्तीत सांगितलं, तर लोक म्हणाले, "मालकांचा माणूस, दवाखाना होऊ नये म्हणून उठलाय." आई म्हणाली, "चहा घे आणि डोकं शांत कर."

तलाव दहा फूट उतरवला तर धोका टळेल. झडप हळूहळू उघडायची, आठवडाभर चालू ठेवायची. पण तिला साखळी आहे आणि साखळीला सील आहे आणि सीलवर तुझी सही आहे. एकदा खोटारडा ठरलोय. आता तुझ्या हातचा कागद असल्याशिवाय मी ते तोडणार नाही, कारण तो नसला तर मला उचलून नेतील आणि तासाभरात झडप पुन्हा बंद करतील.

सोबत बाटली पाठवतो आहे. ती चराच्या पाण्याची आहे. हलवू नकोस, टेबलावर ठेव आणि बघ.

ठोंब्या


१६ डिसेंबर

काल अपिलाला पुढची तारीख पडली, म्हणजे सील तसंच राहणार. बाटलीही कालच मिळाली. रात्रभर टेबलावर ठेवली. सकाळी तळाशी बोटभर गाळ बसला होता.

आमच्या इमारतीत तळमजल्यावर एक निवृत्त धरण अभियंता राहतात. त्यांना बाटली दाखवली, तुझे आकडे दाखवले. त्यांनी चष्मा काढला आणि विचारलं, "खाली माणसं राहतात का?" मी हो म्हटलं. ते म्हणाले, "मग तुम्ही अजून इथे का उभ्या आहात?"

हे पत्र कचेरीच्या जीपच्या ड्रायव्हरकडे देते आहे, संध्याकाळपर्यंत पोहोचेल. सोबत खात्याच्या कागदावर हुकूम आहे, माझ्या सहीशिक्क्यासह: सील तोडून झडप उघडावी. असा हुकूम द्यायचा अधिकार मला नाही. शिक्का बघून पोलीस दोन दिवस तरी बुचकळ्यात पडतील. तेवढ्यात जितकं पाणी जाईल तितकं जाऊ दे.

मी तुझ्यावर विश्वास ठेवला नाही. बाकीचं भेटल्यावर बोलू. आत्ता खाली जा आणि तोड.

ताई


९ जानेवारी

ताई,

तुझ्याकडून काहीच नाही, म्हणून काळजीने लिहितो.

सतरा तारखेला पहाटे साखळी तोडली. पोलिसांनी कागद उलटसुलट करून बघितला, वर विचारायला गेले आणि तीन दिवसांनी परत आले. मग नाताळच्या सुट्टीमुळे, साहेबांच्या दौऱ्यामुळे आणि कशाकशामुळे झडप बंद करायचा हुकूम निघेपर्यंत नऊ दिवस गेले. तोवर तलाव अर्ध्याहून खाली उतरला होता. पाणी चाळीस फुटांच्या खुणेखाली गेलं त्या दिवशी झरा बंद झाला. आधी बारीक झाला, मग नुसती ओल, मग काहीच नाही. मी तिथे बसून रडलो. कोणी नव्हतं म्हणून सांगतोय.

मला चार दिवस कोठडीत ठेवलं, आता जामिनावर आहे. मालकांनी नोकरीवरून काढलं. त्यांच्या सल्लागारांनी मात्र दुसऱ्याच दिवशी अर्ज टाकला: तलाव रिकामा, सबब किंमत शून्य, सबब भरलेला कर परत द्यावा. काढताना मालक म्हणाले, "काम फार हुशारीने केलंस. मला आधी सांगायचं तरी." त्यांना अजूनही वाटतं मी त्यांच्यासाठी केलं. झडपेतून नाल्यात सोडलेलं पाणी वस्तीतल्या सात-आठ घरांत शिरलं, त्यामुळे तिथेही मला बघितलं की लोक दार लावून घेतात.

तू बरी आहेस ना?

ठोंब्या


२५ जानेवारी

ठोंब्या,

बरी नाही, पण आजारी नाही. मला निलंबित केलं आहे. चौकशीत पहिल्याच दिवशी विचारलं, सील तोडणारा इसम आपला कोण? सांगितलं. मग सगळ्यांना सगळं एकदम समजलं. भाऊ श्रीमंताचा नोकर, बहीण कर खात्यात. बहिणीने आधी जास्त किंमत लावून नाव कमावलं, मग भावाकडून तलाव रिकामा करवून मालकाला करातून सोडवलं. इतकं नीट बसतं की मी त्यांच्या जागी असते तर मीही हेच लिहिलं असतं. बाटली पुरावा म्हणून दिली, तर म्हणाले, पाणी कुठलंही असू शकतं.

तुला वाटेल, ताईचा आता या करावरचा विश्वास उडाला. नाही उडाला. ज्याच्याकडे तलाव आहे त्याने द्यावं, हे मला आजही तितकंच योग्य वाटतं. पण मी कसं काम केलं ते आठवून जीव खाली-वर होतो. सगळे खोटं बोलतात हे मला इतकं पक्कं ठाऊक होतं की खरं समोर आलं तेव्हा मी त्याची तारीख बघत बसले.

आता वाईट बातमी. माझ्या जागी आलेल्या अधिकाऱ्यांनी मालकांचा अर्ज फेटाळला. किंमत बुडवण्यासाठी तलाव रिकामा केला गेला, म्हणून तो सरकारी देखरेखीखाली पूर्ववत भरावा, असा हुकूम काढला आहे. नदीचा फाटा तलावात वळवणार आहेत. धरणाची खात्री करायला तज्ज्ञही पाठवला. रिकाम्या तलावाच्या धरणातून त्याला काय पाझर दिसणार? पायथा ठणठणीत कोरडा, असं त्याने लिहिलं. आणि खाली आधार म्हणून माझा चौदावा परिच्छेद जोडला.

मी रोज कोणा ना कोणाच्या दाराबाहेर बसते. मला कोणी आत घेत नाही. तुझ्याकडे काही हालचाल दिसली तर लगेच कळव.

ताई


११ फेब्रुवारी

ताई,

फाटा चार तारखेला वळवला. तलाव रोज फूटभर चढतोय. आज एकतीस फूट आहे. मागच्या वेळी चाळीसच्या खुणेवर पाणी असेपर्यंतच झरा वाहत होता, आणि या वेगाने वीस तारखेला पाणी पुन्हा तिथे पोहोचेल. डिसेंबरात आतून किती माती गेली आहे, किती पोकळ झालंय, कोणालाच माहीत नाही. मागच्या वेळेइतका वेळ ते देईल असं मला वाटत नाही.

धरणावर माझ्या जागी नवा माणूस आलाय. बिचारा चांगला आहे, हसून बोलतो. मी कुंपणाबाहेरून त्याला विचारलं, रोज खाली जाऊन मोजतोस ना? म्हणाला, "मोजायला काय आहे? कोरडं आहे सगळं. मी आठवड्याचं एकदम लिहून टाकतो."

वस्तीत घरोघर जाऊन आलो. दवाखान्याचा पाया खणून झालाय, लोक खुशीत आहेत. कोणी ऐकत नाही. एकाने सरळ विचारलं, "जागा रिकामी करून घ्यायला मालकांनी किती दिले?" या प्रश्नाची मला सवय झाली आहे.

आईला तर मी हात जोडले, ओरडलो, शेवटी उचलून न्यायची धमकी दिली. ती म्हणते, "सगळे राहतात, मग मीच का पळू? लोक काय म्हणतील, मुलाने घाबरवलं म्हातारीला?" म्हणून मी परवापासून खालीच राहायला आलोय. ती हलत नाही, तर मी एकटा वर कुठेतरी बसून काय करू? स्वयंपाक ती करते, पाणी मी भरतो. तिला वाटतं नोकरी गेली म्हणून आलो. तिला बरं वाटतंय मी आल्यामुळे, हे बघवत नाही.

ठोंब्या


१५ फेब्रुवारी

ठोंब्या,

चौकशीची पुढची तारीख अठरा आहे. त्या दिवशी हजर राहिले नाही तर नोकरी कायमची जाईल. मी हजर राहणार नाही. परवा सकाळच्या बसने निघते, सतराला दुपारी पोहोचेन.

तुझं वस्तीत कोणी ऐकत नाही, कारण तू मालकांचा माणूस. माझं ऐकतील. मालकांना नमवणारी, दवाखाना आणणारी बाई म्हणून माझं नाव तिथे झालंय. आईने स्वतःच घरोघर सांगितलंय, मला माहीत आहे. त्या नावाचा आता एवढाच उपयोग आहे. मी प्रत्येक दारात उभी राहून सांगेन की धरण पक्कं आहे असं मीच लिहिलं, आणि लिहिण्याआधी मी ते धरण एकदाही जाऊन बघितलं नव्हतं. बारा वर्षांच्या वह्या खुर्चीत बसून चाळल्या आणि सही केली. तू निदान पहिली दोन वर्षं तरी खाली उतरलास.

हे ऐकल्यावर लोक मला शिव्या देतील. देऊ देत, पण शिव्या देत देत वर तरी चढतील.

तू एवढं कर. टेकडीवरच्या शाळेची किल्ली कोणाकडे असते ते शोध, आणि हातगाड्या जमतील तितक्या बोलून ठेव. आईला मी येतेय एवढंच सांग, कशासाठी ते सांगू नकोस. तीन दिवस आणि साठ घरं आहेत. तिच्यापासूनच सुरुवात करू. ती उठली तर शेजारचे उठतील, आणि नाही उठली तर निदान आपण तिघं एका घरात असू.

ताई